बालभारतीचं दहावीचं ‘इतिहास व राज्यशास्त्र’ : पुस्तक चांगलं आहे, पण ते वापरावं कसं?

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीला २०१८ सालापासून लावलेल्या इतिहासाच्या पुस्तकात एकही लढाई धडा म्हणून नाही. राजवंश नाहीत, तह नाहीत, स्वातंत्र्यलढ्याचा सलग इतिहासही नाही. पहिल्या दोन धड्यांत इतिहास कसा लिहितात ते आहे, तिसऱ्यात त्याचा आज उपयोग काय ते आहे, आणि पुढचे सहा धडे कला, प्रसारमाध्यमं, मनोरंजन, खेळ, पर्यटन आणि ऐतिहासिक ठेव्यांचं जतन यांचे आहेत. मागे राज्यशास्त्राचे पाच धडे. पालक पुस्तक चाळतात आणि विचारतात, ‘यात इतिहास कुठे आहे?’

माझ्या मते तो इथेच आहे. सहावीला प्राचीन भारत, सातवीला मध्ययुग आणि मराठेशाही, आठवीला आधुनिक भारत, नववीला स्वातंत्र्योत्तर काळ असा चार वर्षं काय घडलं ते शिकल्यावर पाचव्या वर्षी ‘हे आपल्याला कळलं कसं?’ हा प्रश्न विचारायला हवाच. शाळेत इतिहास शिकण्याचा खरा फायदा तोच: पुढ्यात आलेल्या कागदाला, भाषणाला, मोबाइलवरच्या फॉरवर्डला नेमके प्रश्न विचारता येणं. दहावीच्या पुस्तकाने हे मध्यवर्ती ठेवलं, याबद्दल पुस्तक मंडळाला मनापासून दाद द्यायला हवी. अडचण अशी की हे पुस्तक जसं शिकवलं जातं आणि जशी त्याची परीक्षा होते, त्यात हा फायदा बराचसा सांडून जातो. थोडा दोष पुस्तकाचाही आहे.

तो दोष पहिल्याच धड्यात दिसतो. ‘इतिहासलेखन : पाश्चात्त्य परंपरा’ या धड्यात हिरोडोटस, देकार्त, व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स, ॲनल्स प्रणाली, सिमाँ-द-बोव्हा आणि फुको असा सगळा गोतावळा मोजक्या पानांत येतो. प्रत्येकाला एखादा परिच्छेद. पंधरा वर्षांच्या मुलाला हेगेलचा द्वंद्ववाद पाच-सात ओळींत कळणं शक्य नाही आणि तो कळतही नाही. मग उरतं पाठांतर: आधुनिक इतिहासलेखनाचा जनक कोण, तर व्हॉल्टेअर. ‘डिस्कोर्स ऑन द मेथड’ कोणाचं, तर देकार्तचं. जो धडा ‘ऐकलेलं तसंच मानू नका’ हे शिकवण्यासाठी लिहिला, तोच सगळ्यांत जास्त घोकला जातो. वर्षाची सुरुवात याच धड्याने झाली की जून-जुलैमध्येच मुलांच्या मनात विषयाची भीती बसते.

यावर उपाय सोपा आहे. शाळेने किंवा घरच्यांनी धड्यांचा क्रम बदलावा. आधी पाचवा धडा, प्रसारमाध्यमांचा. मग दुसरा आणि तिसरा. पहिला धडा दिवाळीनंतर घ्यावा, तोपर्यंत मुलांच्या हाताखालून दोन-चार खरी साधनं गेलेली असतील. धडे एकमेकांवर अवलंबून नाहीत, त्यामुळे क्रम बदलून काही बिघडत नाही.

पाचव्या धड्यापासून सुरुवात का, तर त्यात एक उदाहरण आहे ज्याच्यावर अख्खा आठवडा घालवावा. हिटलरच्या बनावट रोजनिशांचं. पुस्तक ते काही वाक्यांत उरकतं, म्हणून तपशील बाहेरून घालावा लागतो. १९८३ च्या एप्रिलमध्ये ‘स्टर्न’ या जर्मन साप्ताहिकाने हिटलरच्या हस्ताक्षरातल्या रोजनिशा मिळाल्याचं गाजावाजा करून जाहीर केलं. नामवंत इतिहासकाराने सुरुवातीला त्या खऱ्या मानल्या. हस्ताक्षरतज्ज्ञांनीही दुजोरा दिला. दोन आठवड्यांच्या आत जर्मनीच्या संघीय अभिलेखागाराने कागद तपासला, तेव्हा त्यात महायुद्धानंतर वापरात आलेलं, कागद पांढराशुभ्र दिसण्यासाठी घालतात ते रसायन सापडलं. रोजनिशा कोनराड कुयाउ नावाच्या भामट्याने लिहिल्या होत्या. मग हस्ताक्षरतज्ज्ञ फसले कसे? कारण तुलनेसाठी त्यांना जे ‘हिटलरचे’ नमुने दिले गेले, त्यांतले काही त्याच भामट्याने बनवलेले होते.

हा शेवटचा मुद्दा वर्गात फळ्यावर मांडून दाखवावा. डावीकडे तपासायचा कागद, उजवीकडे ज्याच्याशी तुलना केली तो कागद, आणि मुलांना विचारावं की उजवीकडचा कागद कुठून आला? ‘दोन ठिकाणी तीच माहिती आहे म्हणजे ती खरी’ हा समज इथे मोडतो. दोन्ही ठिकाणची माहिती एकाच मुळातून आलेली असेल तर तो एकच पुरावा, दोन नव्हेत. व्हॉट्सॲपच्या पाच ग्रुपांवर तोच मजकूर आला म्हणून तो पाच पटींनी खरा होत नाही, हे मुलांना मग वेगळं सांगावं लागत नाही. बाह्य परीक्षण (कागद, शाई, लिपी, काळ) आणि अंतर्गत परीक्षण (लिहिणाऱ्याला हे माहीत असणं शक्य होतं का, त्याचा हेतू काय) या दोन्ही कल्पना या एका प्रकरणातून पक्क्या होतात.

याच धड्यातल्या ‘बेंगॉल गॅझेट’ (२९ जानेवारी १७८०), बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ (१८३२), ‘दीनबंधू’ (१८७७), ‘केसरी’ आणि ‘मराठा’ (१८८१) या नोंदी परीक्षेला लागतातच. त्या नुसत्या पाठ न करता प्रत्येकासमोर ‘कोणी काढलं, कोणासाठी, कोणत्या भाषेत’ असे तीन रकाने करावेत. ‘दर्पण’ मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत का निघत होतं, हा प्रश्न पडला की सन आपोआप लक्षात राहतो.

दुसऱ्या धड्याकडे, म्हणजे भारतीय परंपरेकडे वळलं की पुस्तक जास्त जिवंत होतं. सोहगौडा ताम्रपट, बाणभट्ट, कल्हण, बरनी, सभासद बखर, ग्रँट डफ, राजवाडे, कोसंबी, रणजित गुहा, ताराबाई शिंदे. यादी इथेही लांब आहे, पण ओळखीची माणसं आणि ओळखीची साधनं असल्यामुळे मुलं रमतात. कल्हणाने बाराव्या शतकात ‘राजतरंगिणी’ लिहिताना शिलालेख, नाणी, वंशावळी, स्थानिक परंपरा तपासल्या हे वाचल्यावर ‘चिकित्सा पश्चिमेकडून आली’ हा पहिल्या धड्यामुळे होऊ शकणारा गैरसमजही दूर होतो.

मात्र इथे एक मोठी संधी हुकली आहे. इतकी नावं देण्याऐवजी एखादा वाद सुरुवातीपासून शेवटपर्यंत उलगडून दाखवला असता तर पद्धत हाताला लागली असती. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद त्यासाठी अगदी योग्य. बहुतेक बखरी शके १५४९, वैशाख, म्हणजे इ.स. १६२७ सांगत होत्या. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे घराण्याकडची शकावली (सालवार नोंदींची यादी) प्रसिद्ध केली, तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद निघाली. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. समकालीन कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’तही तीच तिथी मिळाली आणि राजस्थानात सापडलेली कुंडलीही तिच्याशी जुळली. बखरी बऱ्याच नंतर लिहिल्या गेल्या. इकडे तीन वेगवेगळ्या ठिकाणची, एकमेकांवर न बेतलेली साधनं एकच तिथी सांगतात. वारही पंचांगाशी जुळतो. आधी सांगितलेल्या रोजनिशांच्या प्रकरणाशेजारी हे ठेवलं की स्वतंत्र पुरावा म्हणजे काय ते दोन तासिकांत समजतं. शिक्षकांनी हे स्वतःहून जोडून घ्यावं.

आता उपक्रम. पुस्तकात धड्याअखेरीस उपक्रम दिलेले आहेत, पण ते बरेचसे ‘माहिती मिळवा’, ‘चित्रं जमवा’ अशा थाटाचे. प्रत्यक्षात मुलं मोबाइलवरून मजकूर उतरवतात किंवा स्टेशनरीच्या दुकानातून छापील चित्रं आणून चिकटवतात, आणि अंतर्गत गुण मिळून जातात. शिकणं शून्य. त्याऐवजी घरातले कागद वापरावेत. दोन उपक्रम हमखास चालतात.

पहिला, एक जूनचा. महाराष्ट्रात आजी-आजोबांच्या पिढीतल्या असंख्य लोकांची जन्मतारीख शाळा सोडल्याच्या दाखल्यावर १ जून असते. मुलांना पाच ज्येष्ठांच्या जन्मतारखा आणायला सांगा, वर्गातल्या सगळ्यांच्या एकत्र करा आणि महिन्यांप्रमाणे मांडा. जूनचा रकाना फुगलेला दिसेल. मग प्रश्न: एवढी माणसं एकाच दिवशी कशी जन्मली? शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होई, जन्मनोंदीचा कागद नसे, गुरुजी प्रवेशासाठी वय बसेल असा अंदाज करून तारीख टाकत. शिक्का आहे, सही आहे, सरकारी नोंदवही आहे, तरी माहिती खरी नाही. आणि तरीही ती नोंद परिणाम घडवते: महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी कर्मचारी आधीच्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणून ३१ मे रोजी राज्यात निवृत्तांची रीघ लागते.

पुढची पायरी, खरा काळ शोधणं. घरातल्या मोठ्यांना तारीख आठवत नसते, प्रसंग आठवतात. ‘पानशेत फुटलं त्या वर्षी’ (१२ जुलै १९६१), ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तू पोटात होतास’ (११ डिसेंबर १९६७), ‘बहात्तरच्या दुष्काळात रांगत होता’. अशा दोन आठवणी, धाकट्या-थोरल्या भावंडांचा क्रम आणि दाखल्यावरचं वर्ष यांची सांगड घालून मुलांनी अंदाज लिहावा आणि त्यापुढे आपली खात्री किती ते लिहावं: पक्की, बरीच, जेमतेम. हे तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं, आणि तेच बहुतेक जण गाळतात. एक सावधगिरी अशी की पणजी-आजीला ‘तुमची तारीख खोटी आहे’ असं म्हणायचं नाही. कागद तपासायचा, माणसाची उलटतपासणी घ्यायची नाही.

दुसरा उपक्रम सातबाऱ्याचा. शेत असलेल्या घरात चालू सातबारा ऑनलाइन मिळतो. काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख ‘आपले अभिलेख’वर आहेत, नाहीतर तलाठी किंवा तहसील कार्यालय. सातबाऱ्यावर नावांजवळ फेरफार क्रमांक असतात. प्रत्येक क्रमांकाची नोंद फेरफार वहीत पाहिली की नाव का बदललं ते कळतं: वारस, खरेदी, वाटणी, हक्कसोड (वारसाने आपला हिस्सा सोडून देणं). कुळाचं नाव मालक म्हणून लागलेलं दिसलं तर तिथे १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन (जमीन कसणारं कूळ मालक मानलं गेलं तो दिवस) घरातल्या कागदावर भेटतो. फार मागे गेलात तर मोडी लागेल, तेव्हा दहावीसाठी १९५० च्या अलीकडेच थांबावं.

आणि मग पहिल्या धड्यातल्या स्त्रीवादी विचारवंत सिमाँ-द-बोव्हाकडे परत यायचं. मुलींना एवढंच विचारायचं: वारस नोंदीत पणजोबांनंतर कोणाची नावं लागली? आत्यांची, आजोबांच्या बहिणींची नावं आहेत का? असली तर पुढच्या फेरफाराने हक्कसोड करून ती कमी झाली का? राज्यात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत सहदायाद (जन्मतः वाटेकरी) म्हणून हक्क १९९४ च्या दुरुस्तीने आला, देशभर २००५ च्या. त्याआधीचे आणि नंतरचे फेरफार शेजारी ठेवले की साधनांमध्ये स्त्रिया का दिसत नाहीत, हे कळायला व्याख्या लागत नाही. हा उपक्रम करताना जमिनीचे वाद चालू असलेल्या घरातला कागद वर्गात आणू नये. नावं झाकून झेरॉक्स वापरावी. शहरातल्या मुलांनी जुनी शिधापत्रिका किंवा चाळीची भाडेपावती घ्यावी. तिथेही कुटुंबप्रमुख म्हणून कोणाचं नाव आहे, हा प्रश्न तसाच लागू पडतो.

बाकीच्या धड्यांबद्दल थोडक्यात. तिसरा ‘उपयोजित इतिहास’ हा ‘हे शिकून काय मिळणार’ असं विचारणाऱ्या पालकांना वाचायला द्यावा. वस्तुसंग्रहालयं, अभिलेखागारं, पर्यटन, वारसा जतन या क्षेत्रांची नावं त्यात सरळ येतात. चौथा कलांचा धडा माहितीने ठासून भरलेला आहे आणि चित्रांशिवाय वाचला तर कोरडा जातो. वारली, चित्रकथी, मंदिरशैली हे पडद्यावर दाखवूनच शिकवावं. सातवा खेळांचा धडा वाचायला हलका, पण खेळण्यांचा साधन म्हणून वापर हा त्यातला भाग सोडला तर पद्धतीच्या दृष्टीने पातळ. आठव्यात भिलारसारखं पुस्तकांचं गाव येतं, जवळची शाळा असेल तर सहल तिथेच न्यावी. नववा धडा पहिल्या दोनांना पूरक आहे, तो लगेच त्यांच्यामागे घ्यावा. राज्यशास्त्राचे पाच धडे नेटके आहेत. निवडणूक प्रक्रियेचा धडा शिकवताना मतदार यादीचं एक पान वर्गात असावं.

आता परीक्षा. लेखी पेपर ४० गुणांचा, वेळ दोन तास. इतिहासाला २८, राज्यशास्त्राला १२. म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं, हा हिशेब भरपूर आहे. वेळ पुरला नाही अशी तक्रार येते ती टिपा दीड पान लिहिल्यामुळे. दोन गुणांच्या टिपेला पाच-सहा ओळी पुरतात. चुकीच्या जोडीच्या प्रश्नात सूचना नीट वाचावी: नुसती ओळखायची आहे की दुरुस्त करून लिहायची आहे. ‘कार्ल मार्क्स – डिस्कोर्स ऑन द मेथड’ ही जोडी चूक, एवढं लिहून थांबणारे ‘रेने देकार्त’ न लिहिल्याबद्दल हकनाक गुण घालवतात.

सगळ्यांत जास्त गुण जातात ते ‘सकारण स्पष्ट करा’मध्ये. विधान असतं, समजा, स्त्रियांच्या आयुष्याशी निगडित विविध पैलूंवर संशोधन सुरू झालं. मुलं लिहितात, ‘कारण सिमाँ-द-बोव्हा यांनी स्त्रीवाद मांडला’, आणि पुढे विधानच फिरवून पुन्हा लिहितात. उत्तरात तीन कड्या हव्यात. आधीची स्थिती: इतिहासलेखन पुरुषकेंद्री दृष्टीतून होत होतं. बदल: बोव्हा यांनी स्त्रीवादी भूमिका सिद्ध केली, इतिहासात स्त्रियांना स्थान देण्याबरोबर या दृष्टीचाच फेरविचार करण्याचा आग्रह धरला गेला. परिणाम: नोकरी, रोजगार, ट्रेड युनियन, कौटुंबिक आयुष्य यांवर संशोधन सुरू झालं. आधी–बदल–परिणाम हा साचा जवळजवळ प्रत्येक कारणाच्या प्रश्नाला चालतो. गाईडमधली उत्तरं पाठ करणाऱ्यांची मधली कडी निसटते, कारण तिथे मुद्दे सुटे सुटे दिलेले असतात.

मंडळाकडूनही एक अपेक्षा. उताऱ्यावरच्या प्रश्नाला चार गुण आहेत, आणि उतारा बहुतेक वेळा पुस्तकातलाच असतो. तिथे वाचनाची नव्हे, ओळखीची परीक्षा होते. त्या जागी न पाहिलेला छोटा उतारा द्यावा, एखाद्या पत्रातला, जाहिरातीतला, जुन्या बातमीतला, आणि विचारावं: हे कोणी कोणासाठी लिहिलं, यावरून काय सांगता येतं, काय सांगता येत नाही? चारच गुणांचा हा बदल झाला तरी वर्गातलं शिकवणं वर्षभरात बदलेल, कारण वर्ग परीक्षेच्या मागे जातो.

पुस्तकाची एक उणीव मात्र वापराने भरून निघणारी नाही. आधीच्या अभ्यासक्रमात दहावीला जगाचा इतिहास होता: साम्राज्यवाद, दोन महायुद्धं, रशियन क्रांती. तो गेला. युरोपातलं प्रबोधन, वसाहतवाद आणि महायुद्धं आता बारावीच्या इतिहासात आहेत, आणि बारावीला इतिहास फक्त तो विषय घेणारेच शिकतात. म्हणजे विज्ञान किंवा वाणिज्य शाखेला जाणारं राज्य मंडळाचं मूल दुसरं महायुद्ध धडा म्हणून न शिकताच शाळा सोडतं. हिटलरच्या रोजनिशांचं उदाहरण समजायला हिटलर कोण हेच आधी सांगावं लागतं, ही अडचण वर्गात रोज जाणवते. पद्धत शिकवण्यासाठी आशय कमी करावा लागतो हे मान्य, पण एखादा धडा तरी ठेवायला हवा होता.

पुस्तक घ्यावं का, हा प्रश्न राज्य मंडळाच्या मुलांना नाहीच, पण इतरांसाठी: सीबीएसईचं मूल असेल तर यातला दुसरा, पाचवा आणि नववा धडा जरूर वाचायला द्यावा. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना महाराष्ट्रातली वृत्तपत्रं, इतिहासकार, संस्था यांच्या नोंदी एका जागी मिळतात. बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ मोफत आहे, मराठीखेरीज इतर माध्यमांचंही. छापील प्रतीवरचा क्यूआर कोड ‘दीक्षा’ ॲपवर नेतो. चौथ्या धड्यासाठी दृश्य साहित्य हवं असेल तर आधी तिथे पाहावं. गाईड घेणारच असाल तर ते पूर्वपरीक्षेनंतर घ्या, तेही फक्त वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या सरावासाठी. जूनमध्ये घेतलं तर मूल पुस्तक उघडत नाही.